हात कोपरापर्यंतच असलेल्या मुलीला फुटबॉलमध्ये डिफेंडर कसं घडवायचं: कार्सन पिकेटचं करिअर समोर ठेवून

ज्या आईवडिलांच्या किंवा कोचच्या हाताखाली अशी एखादी मुलगी आहे, जिचा एक हात जन्मापासून कोपराच्या आसपासच संपतो आणि जिला फुटबॉल मनापासून आवडतो, त्यांच्यासाठी हे लिहितोय. अशा मुलीला बहुतेक ठिकाणी सरळ सांगून टाकतात की बाळा तू धावण्यात भाग घे, किंवा कॅरम खेळ. माझं म्हणणं एवढंच आहे की तिला नेहमीच्या टीममध्ये, नेहमीच्या मुलींबरोबर, पूर्ण ताकदीचा डिफेंडर (गोल होऊ नये म्हणून मागे खेळणारी खेळाडू) करता येतं आणि ते कसं करायचं हे अमेरिकेची फुटबॉलपटू कार्सन पिकेट हिच्या करिअरकडे बघितलं की बरंच कळतं.

कार्सनचा जन्म 1993 चा, डावा हात कोपराच्या खाली नाही, डाव्या पायाने खेळते, पोझिशन लेफ्ट बॅक, म्हणजे डाव्या कडेची डिफेंडर. ती मॅचमध्ये कृत्रिम हात लावत नाही. 28 जून 2022 ला यूटा राज्यातल्या सँडी शहरात कोलंबियाविरुद्ध ती अमेरिकेच्या राष्ट्रीय टीमकडून पूर्ण 90 मिनिटं खेळली, मॅच 2-0 ने जिंकली, आणि हात किंवा पाय अपूर्ण असलेली ती त्या टीमची पहिली खेळाडू ठरली. तेव्हा ती 28 वर्षांची होती, हे वय लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

आता सुरुवात कुठून करायची, तर पायापासून. हाताचं नंतर बघू. आधी मुलीचा नैसर्गिक पाय कोणता, बॉल आल्यावर पहिला टच कसा आहे, मान वर करून खेळते का, हे बघा, कारण पोझिशन त्यावरून ठरते. डाव्या पायाची मुलगी म्हणजे कुठल्याही कोचसाठी सोनं, अशा मुली मुळातच कमी असतात आणि लेफ्ट बॅकला त्यांची गरज असते. कार्सनला लेफ्ट बॅक म्हणून जागा मिळाली ती डाव्या पायाच्या क्रॉसमुळे (कडेवरून गोलसमोर मारलेला बॉल) आणि वर-खाली पळायच्या दमामुळे, कोणी दया दाखवली म्हणून नाही.

पाय ठरला की मग हात कुठल्या बाजूचा आहे ते बघायचं. ग्राउंडवर उभं राहून करून बघा, कागदावर पटणार नाही. लेफ्ट बॅक स्वतःच्या गोलकडे पाठ करून विंगरसमोर (समोरच्या टीमची कडेने हल्ला करणारी) उभी असते तेव्हा टचलाइन, म्हणजे ग्राउंडची लांब बाजूची रेषा, तिच्या डावीकडे असते. विंगर बाहेरच्या बाजूने, लाइनला धरून निसटली की आपली मुलगी वळून गोलकडे धावते, आणि वळल्यावर टचलाइन येते उजवीकडे, म्हणजे विंगरही उजवीकडे. डावा हात छोटा असेल तर खांद्याला खांदा लावायच्या वेळी पूर्ण हाताची बाजू विंगरकडे आहे, बेस्ट. पण विंगर आत कट झाली की ती डावीकडे येते आणि तिथे अंतर ठेवायला, तिचा अंदाज घ्यायला हात कमी पडतो. म्हणून अशा मुलीला पहिल्या दिवसापासून शिकवायचं की आतला रस्ता बंद, शरीर तिरकं ठेवून विंगरला बाहेरच ढकलायचं. हे तसं कुठल्याही फुल बॅकला (कडेच्या डिफेंडरला) शिकवतातच, हिच्याकडून ते जास्त पक्कं करून घ्यायचं एवढंच. उजव्या पायाची आणि उजवा हात छोटा असलेली मुलगी असेल तर हेच सगळं राइट बॅकला आरशातल्यासारखं उलटं लावा. पाय डावा आणि छोटा हात उजवा असं असेल तर मात्र बाहेरच्या बाजूची धाव तिला अवघड जाते, तिथे एक पाऊल आधी वळायची सवय लावा, शर्यत आधीच सुरू करायची.

किक मारतानाही हाच हिशोब येतो. डाव्या पायाने लांब बॉल मारताना उजवा हात बाहेर फेकला जातो, त्याने तोल राहतो. कार्सनचा तो हात पूर्ण आहे. ज्या मुलीचा किकच्या विरुद्ध बाजूचाच हात छोटा आहे, तिचा रन-अप जरा वेगळ्या कोनातून होईल, शरीर जास्त झुकेल, होऊ द्या. "बाकीच्यांसारखी मार" म्हणून मागे लागू नका, बॉल कुठे पडतोय ते बघा.

आता हाताने करायच्या गोष्टी. फुटबॉलमध्ये हात लागत नाही असं म्हणतात ते खरं नाही, डिफेंडर पूर्ण वेळ हाताने समोरची किती लांब आहे ते चाचपत असते. तो स्पर्श नसेल तर त्याची भरपाई दोन गोष्टींनी करायची: डोळे आणि कंबर. बॉल येण्याआधी दोन्ही खांद्यांवरून मागे बघायची सवय इतकी मुरवायची की न सांगता झाली पाहिजे, आणि बॉल झाकताना गुडघे वाकवून, कंबर खाली, पार्श्वभाग समोरच्यात घुसवून उभं राहायचं. छोटा हात पण वापरायचाच हं, तो अंगाला चिकटवून ठेवायची सवय लागली असेल तर ती मोडा, कोपर थोडं बाहेर आलं की तोल लगेच सुधारतो. मात्र पेनल्टी बॉक्समध्ये क्रॉस अडवताना दोन्ही हात मागे किंवा अंगालगत. नियमात काखेच्या खालच्या रेषेपर्यंत खांदा आणि त्याखाली हात धरतात, तेव्हा हात छोटा आहे म्हणून हँडबॉल होणार नाही असं गृहीत धरू नका.

थ्रो-इन, म्हणजे बॉल लाइनबाहेर गेल्यावर हाताने आत टाकणं, हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न. नियम म्हणतो दोन्ही हातांनी, डोक्यामागून, डोक्यावरून. कोपरापर्यंतचा हात असेल तर बॉलला त्या टोकाचा आधार देऊन टाकायची प्रॅक्टिस करता येते, पण स्पर्धेच्या आधी आयोजकांशी आणि मॅचच्या आधी रेफ्रीशी बोलून घ्या, मॅच चालू असताना वाद घालून मुलीला मधे उभं करू नका. नाही जमलं तर थ्रो मिडफिल्डरने टाकावा आणि आपली मुलगी लाइनला धरून पुढे रिकाम्या जागेत पळावी, यात टीमचं काहीच नुकसान नाही, उलट एक धावणारी खेळाडू वाढते.

पडायला शिकवणं फार महत्त्वाचं आहे आणि नेमकं तेच कोणी शिकवत नाही. माणूस पडताना आपोआप तळहात टेकवतो, हिच्या एका बाजूला तळहात नाही, मग कोपराच्या टोकावर किंवा थेट खांद्यावर आपटते. त्यामुळे जाड मॅटवर किंवा वाळूवर, आधी गुडघ्यांवर बसून, मग उभ्याने, मग धावताना, हनुवटी छातीला लावून खांद्यावरून लोळायची प्रॅक्टिस करून घ्या, दोन्ही बाजूंनी. यानंतरच स्लाइड टॅकल आणि हवेतले हेडर. टोकाची कातडी नाजूक असेल तर मऊ पॅडची स्लीव्ह घाला. नियमाप्रमाणे अंगावर दुसऱ्याला धोका होईल असं काही चालत नाही, त्यामुळे कडक प्लास्टिकचा किंवा धातूचा हात घालून मॅचला उतरणं अडचणीचंच होतं, कार्सनसारखं न लावता खेळणं सोपं पडतं.

जिममध्ये बारबेल धरता येत नाही म्हणून ताकदीचं काम सोडून देतात, हे अजिबात करू नका. वजनाचं जॅकेट घालून स्क्वॉट, लंज, पायऱ्या, एका पायावरच्या उड्या, हे सगळं होतं. वरच्या अंगासाठी छोट्या हाताच्या दंडाला रुंद पट्टा बांधून त्यात रेझिस्टन्स बँड अडकवा आणि दोन्ही बाजूंनी ओढायचे व्यायाम घ्या, नाहीतर एकच बाजू जड होत जाते आणि पाठ दुखायला लागते. वर्षातून एकदोनदा फिजिओकडून पाठ आणि खांदे बघून घ्या. बुटाच्या लेस आणि शिनगार्ड तिचे तिलाच बांधू द्या, वेळ लागला तर ती पाच मिनिटं आधी येईल.

आता करिअरची वाट, कारण घरच्यांना शेवटी हेच विचारायचं असतं. कार्सन फ्लोरिडा स्टेट युनिव्हर्सिटीकडून खेळली, त्या टीमने 2014 मध्ये कॉलेजची राष्ट्रीय स्पर्धा जिंकली. 2016 च्या ड्राफ्टमध्ये (क्लब पाळीपाळीने कॉलेजच्या खेळाडू निवडायचे ती पद्धत) सिअ‍ॅटल रेन क्लबने तिला एकूण चौथ्या नंबरवर घेतलं. मग ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेन रोअर, अमेरिकेत ऑर्लँडो प्राइड, 2021 पासून नॉर्थ कॅरोलायना करेज (तिथे 2022 चा चॅलेंज कप जिंकला), 2023 मध्ये रेसिंग लुइव्हिल, आणि 2024 मध्ये परत ऑर्लँडो. एवढे क्लब बदलले म्हणजे काही वाईट झालं असं नाही, तिथे खेळाडूंची अदलाबदल चालूच असते, आणि ऑफ सीझनला दुसऱ्या देशात जाऊन खेळल्याने मॅचची मिनिटं मिळतात. मला यात सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे की प्रो झाल्यानंतर राष्ट्रीय टीमच्या पहिल्या मॅचपर्यंत सहा वर्षं गेली, तेव्हा ती 28 वर्षांची होती. तुमची मुलगी सोळाव्या वर्षी जिल्ह्याच्या टीममध्ये आली नाही म्हणून दप्तर आवरू नका. तिकडचा कॉलेज ड्राफ्ट 2024 मध्ये बंद झाला, आता खेळाडू थेट क्लबशी करार करतात, तेव्हा बाहेर जायचं स्वप्न असेल तर चांगला व्हिडिओ लागतोच. त्यात गोल आणि ड्रिबल भरू नका, एकास एक डिफेन्स, रिकव्हरीची धाव (मागे पळत येऊन जागा गाठणं), डाव्या पायाचे क्रॉस दाखवा, आणि हात लपेल असे अँगल अजिबात निवडू नका.

लोक बघणार, विचारणार. लहान मुलांना सरळ उत्तर द्यायचं, जन्मापासून असा आहे, बस. 2019 मध्ये ऑर्लँडोच्या ग्राउंडवर तसाच हात असलेल्या एका छोट्या मुलाला कार्सन कोपराला कोपर लावून भेटली, तो फोटो जगभर फिरला. पण तुमची मुलगी प्रेरणा वगैरे देण्यासाठी ग्राउंडवर येत नाही, ती खेळायला येते, तिला प्रत्येक बक्षीस समारंभात स्टेजवर उभं करू नका, आणि चुकीचा पास दिला तर इतरांना ओरडता तसंच तिलाही ओरडा. घरात कोणी "असं कधी झालंय का" म्हणालं तर उरुग्वेचा हेक्टर कास्त्रो सांगा, उजवा हात कोपराखाली गमावलेला माणूस, 1930 च्या पहिल्याच वर्ल्ड कपच्या फायनलमध्ये अर्जेंटिनाविरुद्ध 4-2 मधला चौथा गोल त्याचा.

सिलेक्शन ट्रायलला गेलात की सुरुवातीलाच सिलेक्टरना एका वाक्यात सांगा की हिचा हात असा आहे, पोझिशन लेफ्ट बॅक, थ्रो-इनची व्यवस्था अशी, आणि बाजूला व्हा. आणि त्याआधी कधीतरी तिला घेऊन कार्सनची एखादी पूर्ण मॅच बघा, हायलाइट नाही. बॉलकडे न बघता फक्त कार्सनकडे बघायचं: बॉल उजव्या विंगला असताना ती किती आत सरकते, सेंटर बॅकपासून अंतर किती ठेवते, बॉल बाजू बदलायच्या किती आधी वळायला लागते. पॉज करा, मुलीला विचारा आता तू कुठे उभी राहिली असतीस, आणि मग प्ले करा.