बेसची तार खडखडतेय म्हणून लगेच स्क्रू फिरवू नका, या चुका टाळा

बेस गिटारची तार खडखडली की बहुतेक लोक सगळ्यात आधी ब्रिजवरचे (बॉडीवर तारा जिथे अडकवतात त्या भागावरचे) स्क्रू फिरवायला घेतात. मीपण तेच केलं होतं. पहिला बेस घेऊन जेमतेम दोन महिने झाले होते, ई तार (सगळ्यात जाड) सुरुवातीच्या तीन-चार फ्रेटवर (नेकवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्यांवर) खरखरायला लागली, मी सॅडल (ब्रिजवर तार ज्याच्यावर टेकते तो तुकडा) थोडं वर केलं, जरा बरं वाटलं म्हणून अजून वर केलं, आणि शेवटी तार बाराव्या फ्रेटवर इतकी उंच गेली की दाबताना बोटं भरून यायची आणि तिथे वर वाजवलेला प्रत्येक सूर चढा लागायचा. सॅडलचा काहीच दोष नव्हता, नेक (बेसची लांब मान) किंचित मागे झुकला होता. ट्रस रॉड (नेकच्या आतला, त्याचा बाक ठरवणारा धातूचा दांडा) पाव फेरा ढिला केला असता तर पाच मिनिटात काम झालं असतं. तेव्हापासून कुणीही विचारलं की मी हेच सांगतो, आवाज नक्की कुठून येतोय ते आधी शोधा, पाना नंतर हातात घ्या.

खडखड कुठल्या फ्रेटवर होतेय?

शांत खोलीत बसा, बेस ट्यून करा, ॲम्पला लावू नका, आणि एकेक तार पहिल्या फ्रेटपासून शेवटपर्यंत सावकाश वाजवत जा. पहिल्या चार-पाच फ्रेटमध्येच खडखड असेल तर बहुतेक वेळा नेक जास्त सरळ झालाय किंवा उलटा वाकलाय. बाराव्याच्या पुढे असेल तर तारा फार खाली आहेत नाहीतर नेकला बाक जास्त आहे. फक्त मोकळी तार वाजते तेव्हाच होत असेल आणि बोट ठेवलं की गायब, तर नटची (नेकच्या टोकाला तारा जिच्यावरून जातात त्या पट्टीची) खाच जास्त खोल गेलीय. आणि अख्ख्या बेसवर एकाच जागी होत असेल तर त्याच्या पुढचा फ्रेट उचलला गेलाय, हे मात्र घरी ठोकून बघू नका, फ्रेट घासून सारखे करणं अनुभवी कारागिराचंच काम आहे.

हे सगळं झाल्यावर एकदा ॲम्पला लावून ऐका. जी खरखर ॲम्पमधून ऐकूच येत नाही तिच्यामागे लागू नका. राउंडवाउंड (गोल तार गुंडाळलेल्या, खरखरीत) तारांचा थोडा धातूचा आवाज असतोच, आणि खूप जण तर तार इतकी जोरात ओढतात की कितीही छान सेटअप केलेला बेस खडखडेलच. हात हलका ठेवा आणि ॲम्पचा आवाज वाढवा, अर्ध्या लोकांची तक्रार इथेच संपते हे मी खरंच पाहिलंय.

ट्रस रॉडला घाबरू नका पण घाईही करू नका

नेहमीच्या 34 इंची स्केलच्या (नटपासून ब्रिजपर्यंत तारेची लांबी) बेसवर चार तारांचा मिळून ताण साधारण 70 ते 80 किलो असतो, आणि तो सगळा एका लाकडी पट्टीवर. त्यात हवा दमट झाली की लाकूड फुगतं, कोरडी झाली की आकसतं, त्यामुळे नेक थोडाफार हलणारच, एकदा सेटअप केला म्हणजे आयुष्यभराचं झालं असं होत नाही.

बघायचं कसं, तर ई तार डाव्या हाताने पहिल्या फ्रेटवर दाबा, उजव्या हाताने नेक जिथे बॉडीला लागतो तिथे दाबा, आणि सातव्या-आठव्या फ्रेटवर तार आणि फ्रेटच्या मध्ये किती फट आहे ते बघा. जाडसर व्हिजिटिंग कार्ड सरकेल एवढी, म्हणजे 0.3 ते 0.4 मिलिमीटर असेल तर ठीक. मधे बोटाने टकटक केल्यावर तार जराही हलत नसेल, फ्रेटला चिकटूनच असेल, तर नेक मागे गेलाय. घड्याळाच्या दिशेने फिरवलं की रॉड घट्ट होतो आणि नेक सरळ होत जातो, उलट फिरवलं की बाक येतो. एका वेळी पाव फेराच, मग परत ट्यून, मग परत मोजा, आणि जमलं तर काही तास थांबून पुन्हा बघा कारण लाकूड सावकाश बसतं.

इथली सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे चुकीच्या मापाची ॲलन की. इंचातली आणि मिलिमीटरमधली की दिसायला सारखीच वाटते, थोडी सैल बसली तरी लोक फिरवतात, ट्रस रॉडचा नट आतून गोल होतो आणि मग साध्या सेटअपचं काम नेक दुरुस्तीवर जातं. की घट्ट बसली पाहिजे, जराही लटपटता कामा नये. आणि जोर लावूनही फिरत नसेल तर तिथेच थांबा.

दुसरं म्हणजे ट्रस रॉड तारांची उंची कमी-जास्त करायला नसतो. आधी तारा ट्यून करायच्या, मग नेक, मग सॅडलने उंची, मग इंटोनेशन (सगळ्या फ्रेटवर सूर बरोबर लागणं), सगळ्यात शेवटी पिकअप (तारेचा आवाज पकडणारे चुंबक), हा क्रम मोडला की एक दुरुस्त करताना दुसरं बिघडतं. उंची बाराव्या फ्रेटवर ई तारेला 2 ते 2.5 मिलिमीटर आणि जी तारेला (सगळ्यात बारीक) त्याहून थोडी कमी धरा. इंटोनेशनसाठी बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता नुसतं हलकं बोट लावून काढलेला सूर) आणि तिथेच दाबून वाजवलेला सूर ट्यूनरवर ताडून बघा, दाबलेला चढा असेल तर सॅडल नेकपासून लांब न्यायचं, उतरता असेल तर जवळ. जुन्या मेलेल्या तारांवर इंटोनेशन करू नका, कितीही केलं तरी जुळत नाही. आणि पिकअप तारांच्या फार जवळ नको, चुंबक तारेला ओढतो आणि विशेषतः जाड तारेचा सूर वरच्या फ्रेटवर लहरत राहतो, लोक तासन् तास सॅडल पुढेमागे करतात आणि खरं कारण पिकअपमध्ये असतं.

नवी तार लावली आणि ती मेलेलीच निघाली?

बऱ्याचदा तार खराब नसते, ती आधी कापली गेलेली असते. बेसच्या तारेत मधे एक कोर असतो आणि त्यावर दुसरी तार गुंडाळलेली असते. सरळ तार मधेच कापली तर ही गुंडाळी कोरवरून सैल होऊ शकते आणि तारेचा आवाज बसतो. म्हणून आधी कापायच्या जागी काटकोनात पक्कं वाकवा आणि त्या वाकाच्या पुढे कापा. खाच असलेल्या खुंटीसाठी मी तार आपल्या खुंटीच्या पुढे साधारण 10 ते 12 सेंटीमीटर सोडून कापतो, टोक खुंटीच्या मधल्या भोकात खाली पूर्ण घालतो, आणि दोन-तीन वेटोळी वरून खाली उतरत जातील असं गुंडाळतो, म्हणजे नटवर तार नीट दाबून बसते. वेटोळी वर चढत गेली तर मोकळी तार नटपाशी झिणझिणते आणि परत लोक ट्रस रॉडकडे धावतात.

तारा किती दिवसांनी बदलायच्या याला एक आकडा नाही. मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीच्या रेकॉर्डिंगवर वाजवणारा जेम्स जेमरसन फ्लॅटवाउंड (चपटी गुंडाळी असलेल्या, गुळगुळीत) तारा लावायचा आणि तुटल्याशिवाय बदलायचा नाही, तो बसका गोल आवाज त्याला हवाच होता. चमकदार स्लॅपचा (अंगठ्याने तार ठोकून वाजवण्याचा) आवाज हवा असेल तर राउंडवाउंड लवकर बदलाव्या लागतील. वाजवून झाल्यावर कोरड्या कपड्याने तारा वरून आणि खालूनही पुसा, एवढ्यानेच खूप फरक पडतो.

आणि जी तारेवर पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या आसपास एखादा सूर लगेच विझत असेल आणि नव्या तारेवरही तसंच होत असेल, तर तो नेकचा डेड स्पॉट आहे. चांगल्या चांगल्या बेसवर असतो. त्यासाठी तारांवर पैसे घालवू नका, तो सूर डी तारेवर वाजवा.

आवाज तुटतोय, घुं घुं होतंय

ॲक्टिव्ह (आत बॅटरीवर चालणारं सर्किट असलेल्या) बेसमधून अचानक फाटका, घुसमटलेला आवाज यायला लागला तर सगळ्यात आधी 9 व्होल्टची बॅटरी बदला. बेसला केबल लावलेली असली की आतलं सर्किट चालूच राहतं, वाजवा किंवा नका वाजवू, म्हणून रात्री केबल काढून ठेवायची सवय लावा. जॅक (केबल लावायचं भोक) सैल झाला असेल तर बाहेरून नुसता नट आवळू नका, आतला जॅक गरगर फिरतो आणि वायरी पिळून तुटतात, प्लेट उघडून आतून जॅक धरूनच आवळा.

हमचं (त्या घुं घुं आवाजाचं) निदान कानानेच होतं. तारांना हात लावल्यावर हम कमी होत असेल तर ग्राउंड जोडलेला आहे, शिल्डिंग (बाहेरचा विद्युत गोंगाट अडवणारं आवरण) कमी पडतंय. हात लावल्यावर वाढत असेल तर ग्राउंडची वायर तपासायला द्या. जॅझ बेससारखे दोन सिंगल कॉइल (एकाच गुंडाळीचे) पिकअप असतील तर दोन्ही व्हॉल्यूम पूर्ण केल्यावर हम जायला हवा आणि एक कमी केला की परत येतो, तो बिघाड नाही, त्या पिकअपचा स्वभाव आहे. पण 1957 पासून प्रिसिजन बेसवर येणारा दोन तुकड्यांचा पिकअप स्वतःच हम कापतो, म्हणून तिथे जोरात हम असेल तर शिल्डिंग-वायरिंग नक्की बघा.

बँडमध्ये बेस ऐकूच येत नाही

मग लोक बेसचा नॉब पूर्ण फिरवतात, आणि आवाज अजून चिखल होतो. मोकळी ई तार 41 हर्ट्झची असते, छोट्या स्पीकरला तो मूळ सूर धड काढताच येत नाही, कान तो ओळखतो वरच्या 82, 123 वगैरे हार्मोनिक्सवरून (मूळ सुराबरोबरच वाजणाऱ्या उंच सुरांवरून). म्हणून बेसचा नॉब थोडा कमी करा आणि मिडचा (मधल्या सुरांचा) वाढवा, 250 ते 800 हर्ट्झच्या पट्ट्यात आपला बेस हा गिटार आणि किक ड्रम यांच्या मधून वाट काढतो. घरी एकट्याने वाजवताना तो आवाज जरा कोरडा वाटेल, बँडमध्ये तोच नीट बसेल.

तरीही गोंधळ वाटत असेल तर स्वतःला रेकॉर्ड करून ऐका, कारण खूपदा दोष ईक्यूचा (या नॉबच्या सेटिंगचा) नसून गप्प न केलेल्या तारांचा असतो. डी-जी तारेवर वाजवताना ई आणि ए तारा आपोआप गुणगुणत राहतात. उजव्या हाताचा अंगठा पिकअपवर रोवून न ठेवता बोटांबरोबर सरकवत न्या, ए तारेवर आलात की अंगठा ई वर, डी वर आलात की अंगठा ए वर टेकवा आणि त्याची कड ई ला लागू द्या. पहिले आठ-दहा दिवस हात अवघडतो, मेट्रोनोम 60 वर ठेवून फक्त चार तारांवर खालीवर एवढंच करा आणि प्रत्येक सुराच्या नंतरची शांतता ऐका.