कमी सिबिल स्कोअर आणि गाडीचे कर्ज : अर्ज फेटाळला जाण्यामागच्या या चुका टाळा

गाडीचे कर्ज हे तारणी कर्ज आहे. ज्या गाडीसाठी पैसे दिले जातात तीच गाडी बँकेकडे नजरगहाण राहते, गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रावर (आरसी) या गहाणाची, म्हणजे हायपोथिकेशनची, नोंद होते आणि हप्ते थकले तर गाडी ताब्यात घेण्याचा मार्ग कर्ज देणाऱ्या संस्थेला खुला असतो. त्यामुळे पर्सनल लोनच्या तुलनेत कमी सिबिल स्कोअर (कर्जफेडीच्या जुन्या नोंदींवरून काढलेले पतगुण) असलेल्या अर्जदारालाही इथे थोडा अधिक वाव मिळतो. तरीही असे असंख्य अर्ज फेटाळले जातात. माझ्या मते त्यातील पुष्कळ अर्ज निव्वळ स्कोअरमुळे पडत नाहीत. स्कोअर ज्या नोंदींवरून तयार झाला, त्या अर्जदाराने कधी वाचलेल्याच नसतात, आणि बँकेचा अधिकारी मात्र त्या ओळीन् ओळ वाचतो.

एक गैरसमज आधीच दूर करायला हवा. ‘७५० च्या खाली कर्ज मिळत नाही’ असा कोणताही सरकारी नियम नाही. रिझर्व्ह बँकेने कर्जासाठी किमान स्कोअर ठरवून दिलेला नाही आणि केंद्र सरकारने २०२५ मध्ये संसदेत हे स्पष्टही केले आहे. स्कोअरची रेषा कुठे ओढायची हे प्रत्येक संस्था स्वतःच्या धोरणानुसार ठरवते. म्हणून एका ठिकाणचा नकार हा सगळीकडचा नकार नसतो. ज्यांनी आजवर कधी कर्जच घेतलेले नाही, त्यांचा अर्ज केवळ पूर्वीचा इतिहास नाही एवढ्याच कारणावरून फेटाळू नये, असेही रिझर्व्ह बँकेचे बँकांना सांगणे आहे.

अहवाल न वाचता अर्ज करणे

लोकांच्या कर्जफेडीच्या नोंदी ठेवून त्यांचा अहवाल आणि स्कोअर देणाऱ्या चार पतमाहिती कंपन्या भारतात आहेत : ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. बोलताना आपण सगळ्यांनाच सिबिल म्हणतो, पण चौघींकडील नोंदी एकसारख्या असतीलच असे नाही. प्रत्येक कंपनीने वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल विनामूल्य द्यावा असा नियम आहे, म्हणजे एक पैसाही खर्च न करता वर्षाला चार अहवाल पाहता येतात. स्वतःचा अहवाल स्वतः पाहिल्याने स्कोअर घटत नाही. ही भीती अनेकांना अहवालापासून दूर ठेवते आणि तिला काहीही आधार नाही.

अहवालात सर्वांत आधी नाव, पॅन, जन्मतारीख आणि पत्ता तपासावा. नाव आणि आडनाव सारखे असल्यामुळे दुसऱ्याच माणसाचे कर्ज आपल्या खात्यावर चढल्याची प्रकरणे घडतात. त्यानंतर प्रत्येक कर्जाची महिनावार नोंद पाहावी. हप्ता देय तारखेनंतर किती दिवस उशिरा आला, याचा आकडा तिथे मागील ३६ महिन्यांसाठी दिसतो. हप्ता ९० दिवसांहून अधिक थकला की कर्ज अनुत्पादक (एनपीए), म्हणजे वसुली धोक्यात आलेले, ठरते, आणि गाडीच्या कर्जाचा अर्ज तपासणारा अधिकारी याच रकान्यावर सर्वाधिक वेळ घालवतो. दोन वर्षांपूर्वी तीन हप्ते चुकले, पण त्यानंतर सलग वेळेवर भरले, असा अहवाल आणि गेल्या तीन महिन्यांतच हप्ते चुकलेला अहवाल यांचा स्कोअर जवळपास सारखा असला, तरी त्यांच्याकडे पाहण्याची दृष्टी फार वेगळी असते.

दोन नोंदी लोक हमखास विसरतात. पहिली म्हणजे वापर बंद केलेले, पण रीतसर बंद न केलेले क्रेडिट कार्ड : वार्षिक शुल्काची किरकोळ रक्कम थकून त्यावर दंड आणि व्याज चढत राहते आणि अहवालात थकबाकीदार अशी नोंद पडते. दुसरी म्हणजे जामीनकी. भावकीत किंवा मित्राला बँकेत जामीन राहिलेल्या माणसाच्या अहवालातही ते कर्ज दिसते. १८७२ च्या भारतीय करार कायद्यानुसार जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते, म्हणून त्या कर्जाची थकबाकी आपल्या अर्जाला भोवू शकते. सही करून वर्षे लोटली असली तरी त्या कर्जाचे पुढे काय झाले, हे गाडी पाहायला जाण्यापूर्वी विचारून घ्यावे.

नोंद चुकीची असेल, तर संबंधित पतमाहिती कंपनीकडे आणि बँकेकडे लेखी तक्रार करावी. तक्रारीचे निवारण ३० दिवसांत व्हायला हवे. त्याहून उशीर झाल्यास तक्रारदाराला दर दिवसाला १०० रुपये भरपाई द्यावी, असा नियम एप्रिल २०२४ पासून लागू आहे. तरीही दाद मिळाली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या एकात्मिक लोकपाल योजनेत विनाशुल्क तक्रार करता येते आणि पतमाहिती कंपन्याही आता या योजनेच्या कक्षेत आहेत. हे सगळे गाडी बुक करण्याच्या आधी करायचे काम आहे. बुकिंगची रक्कम भरल्यावर डिलिव्हरीची तारीख डोक्यावर असताना ते नीट होत नाही.

‘सेटलमेंट’ म्हणजे कर्ज फिटले असे समजणे

थकलेल्या कर्जावर बँकेचा वसुली विभाग सवलत देऊ करतो, ठरलेली कमी रक्कम भरली जाते आणि ग्राहक सुटलो म्हणून निश्चिंत होतो. अहवालात मात्र ‘सेटल्ड’ असा शेरा पडतो. पूर्ण रक्कम वसूल झालेली नाही, असा त्याचा अर्थ असल्यामुळे गाडीच्या कर्जासाठी तो फार अडचणीचा ठरतो. शक्य असेल तेव्हा माफ झालेली उर्वरित रक्कम भरण्याची तयारी बँकेला लेखी कळवावी, ती भरून ना-देय प्रमाणपत्र घ्यावे आणि खाते ‘क्लोज्ड’ असे दाखवण्याची मागणी करावी. १ जानेवारी २०२५ पासून बँकांना ही माहिती किमान दर पंधरवड्याला पाठवावी लागते, त्यामुळे दुरुस्ती दिसायला पूर्वीइतका काळ लागत नाही. ती अहवालात प्रत्यक्ष उतरल्याची खात्री केल्याशिवाय नवा अर्ज करू नये. जी रक्कम खरोखर भरता येण्यासारखी नाही, तिच्यासाठी मात्र नवे उसने काढून हा शेरा पुसण्याच्या मागे लागू नये.

एकाच आठवड्यात चार ठिकाणी अर्ज

शोरूममध्ये बसलेला फायनान्सचा माणूस आपली कागदपत्रे घेतो आणि ‘कुठे ना कुठे होऊन जाईल’ म्हणत ती एकाच वेळी अनेक संस्थांकडे पाठवतो. प्रत्येक संस्था आपला अहवाल मागवते, त्या प्रत्येक चौकशीची नोंद होते आणि थोड्या दिवसांत झालेल्या पुष्कळ चौकश्या म्हणजे माणूस पैशाच्या निकडीत आहे, असा निष्कर्ष काढला जातो. आधीच कमी असलेला स्कोअर त्यामुळे आणखी घसरतो. म्हणून संमतीपत्रावर सही करताना कागद कोणत्या संस्थेकडे जाणार हे विचारावे आणि तेवढ्यापुरतीच संमती द्यावी. अहवाल मागवला गेल्याचा एसएमएस किंवा ईमेल आपल्याला यायला हवा, त्याकडे लक्ष ठेवावे.

पहिला अर्ज शक्यतो जिथे आपले पगाराचे किंवा व्यवसायाचे खाते आहे त्या बँकेत करावा, कारण तिथे आपल्या व्यवहारांचा इतिहास समोर असतो. वाहन कर्ज देणाऱ्या वित्तीय कंपन्या कमी स्कोअरबाबत अधिक लवचीक असतात, पण त्या लवचीकतेची किंमत व्याजात वसूल होते.

फक्त हप्त्याचा आकडा पाहणे

कमी स्कोअरवर कर्ज मंजूर झाले की त्या आनंदात अटी वाचल्या जात नाहीत. नुकसान खरे इथे होते, आणि ते वर्षानुवर्षे चालते. सहा लाखांचे कर्ज पाच वर्षांसाठी १० टक्के दराने घेतल्यास हप्ता सुमारे १२,७५० रुपये येतो, तर १५ टक्के दराने तो सुमारे १४,२७५ रुपये होतो. म्हणजे केवळ दरातील फरकापोटी पाच वर्षांत ९० हजारांहून अधिक रक्कम जास्त जाते. हा हप्ता जड वाटतो म्हणून मुदत सात वर्षे केली, तर तो सुमारे ११,६०० रुपयांवर येतो खरा, पण एकूण व्याज अडीच लाखांवरून पावणेचार लाखांच्या आसपास जाते, आणि गाडीचे बाजारमूल्य मात्र दरवर्षी उतरत असते.

‘फ्लॅट रेट’ या शब्दाकडे विशेष लक्ष द्यावे. वापरलेल्या गाड्यांच्या कर्जात तो अजून सर्रास ऐकू येतो. सहा लाखांवर फ्लॅट ९ टक्के म्हणजे पाच वर्षांचे सरळ व्याज २ लाख ७० हजार आणि हप्ता १४,५०० रुपये. दर महिन्याला मुद्दल फिटत असूनही व्याज पूर्ण सहा लाखांवरच मोजले जात असल्यामुळे, घटत्या शिल्लकेच्या हिशेबाने हाच दर पावणेसोळा टक्क्यांच्या घरात जातो. नऊ टक्के ऐकून स्वस्त वाटलेले हे कर्ज वरच्या १५ टक्क्यांच्या कर्जापेक्षा महाग आहे.

या फसगतीवर आता एक चांगला उपाय उपलब्ध आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासून प्रत्येक किरकोळ कर्जाआधी ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ देणे बंधनकारक आहे. त्यात प्रक्रिया शुल्क, कर्जासोबत जोडलेला विमा आणि इतर खर्च धरून वार्षिक टक्केवारी दर दिलेला असतो. दोन प्रस्तावांची तुलना करायची, तर ती याच दराने करावी. मुदतपूर्व फेडीचे शुल्कही त्यात पाहावे, कारण वर्ष-दीड वर्ष हप्ते वेळेवर भरून स्कोअर सुधारल्यावर कमी दराच्या कर्जाकडे वळण्याची संधी मिळू शकते आणि स्थिर दराच्या वाहन कर्जात हे शुल्क आडवे येते.

डाउन पेमेंट आणि ऑन-रोड किंमत

कमी स्कोअरच्या अर्जदाराच्या हातात असलेली सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे स्वतःची रक्कम. जितके डाउन पेमेंट अधिक, तितकी संस्थेची जोखीम कमी. इथे सगळे खर्च धरून येणारी ऑन-रोड किंमत सोडून जाहिरातीतील एक्स-शोरूम (कर, विमा आणि नोंदणी न धरलेल्या) किमतीवर हिशेब करण्याची चूक होते. महाराष्ट्रात वैयक्तिक नोंदणीच्या दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीवर ११ टक्के आणि डिझेल गाडीवर १३ टक्के मोटार वाहन कर लागतो. त्यात विमा आणि नोंदणीचा खर्च मिळवला की हाताशी ठेवलेले डाउन पेमेंट तिथेच संपते आणि उरलेला खड्डा भरण्यासाठी पर्सनल लोन घेतले जाते. ते नवे कर्ज आणि त्याची चौकशी दोन्ही अहवालात उमटतात. त्यापेक्षा एक पायरी खालचे मॉडेल घ्यावे किंवा खरेदी सहा महिने पुढे ढकलावी. सणाची सवलत निसटली तरी चालेल.

उत्पन्न अर्धेच दाखवणे, सहकर्जदार न तपासता जोडणे

दुकानदार, रिक्षाचालक, खानावळ किंवा शिकवणी चालवणारे यांचे उत्पन्न पुरेसे असते, पण ते रोखीत फिरते आणि बँक खात्यात दिसत नाही. संस्था कागदावरचेच उत्पन्न धरते, आणि सर्व हप्ते मिळून मासिक उत्पन्नाच्या साधारण ४० ते ५० टक्क्यांच्या पलीकडे जात नाहीत ना, हे पाहते. म्हणून अर्जाच्या आधीचे निदान सहा महिने कमाई खात्यात भरावी, आयकर विवरणपत्र वेळेवर भरावे आणि खात्यातून धनादेश किंवा हप्ता परत जाऊ देऊ नये. कमावत्या पत्नीला किंवा पतीला सहकर्जदार केल्याने पात्रता वाढते, मात्र त्यांचाही अहवाल तपासला जातो. तो आधी न पाहता नाव जोडले, तर मदतीऐवजी अडथळा होतो.

आडवाटा

स्वतःचे कर्ज होत नाही म्हणून मेहुण्याच्या नावावर गाडी घेणे, ही आपल्याकडची सर्वपरिचित वाट आहे. तिच्यात कर्ज, आरसी आणि विमा मेहुण्याच्या नावावर राहतात, आपण वेळेवर भरलेल्या हप्त्यांचा आपल्या अहवालाला काडीचाही उपयोग होत नाही, आणि आपला एक हप्ता चुकला तर त्याची पत खराब होते. याहून धोकादायक प्रकार म्हणजे चालू हप्त्यांची गाडी नोटरीच्या कागदावर घेणे. कर्ज देणाऱ्या संस्थेची संमती आणि आरटीओत रीतसर हस्तांतर झाल्याशिवाय तो व्यवहार पूर्ण होत नाही. मूळ मालकाने मधले हप्ते थकवलेले निघाले, तर गाडी आपल्या दारातून उचलली जाऊ शकते.

पैसे घेऊन ‘आठ दिवसांत स्कोअर वाढवून देतो’ म्हणणाऱ्यांपासून दूर राहावे. खरी नोंद कोणालाही पुसता येत नाही आणि खोटी नोंद आपल्यालाच फुकट दुरुस्त करून घेता येते. अशा लोकांना पॅन, आधार आणि ओटीपी देणे म्हणजे आपल्या नावावर नवे कर्ज निघण्याची सोय करून देणे आहे. कर्ज मंजूर होण्याआधीच एखाद्याच्या वैयक्तिक खात्यावर फाइल चार्ज मागणारा माणूसही फसवणूक करणाराच समजावा.

नकार आल्यावर

नकाराची कारणे लेखी मागावीत. ती कळवणे बँकेवर बंधनकारक आहे. त्यानंतर नवे अर्ज थांबवून त्याच कारणावर काम करावे. थकीत रक्कम आधी भरावी आणि क्रेडिट कार्डाचा वापर मर्यादेच्या ३० टक्क्यांच्या आत आणावा. ज्यांना नेहमीचे कार्ड मिळत नाही, त्यांनी लहानशा मुदत ठेवीवर मिळणारे कार्ड घेऊन त्यावर किराणा किंवा वीजबिल भरावे आणि दरमहा पूर्ण रक्कम फेडावी. सहा महिने ते वर्षभरात अहवालात चांगल्या नोंदींची रांग दिसू लागते.

कर्ज मिळाल्यावर हप्त्याची तारीख पगारानंतर तीन-चार दिवसांची मागून घ्यावी, कारण पगार एक दिवस लांबला तरी हप्ता परत जातो आणि त्याचा दंड दोन्हीकडे बसतो. शेवटचा हप्ता भरल्यावर संस्थेकडून एनओसी (ना-हरकत प्रमाणपत्र) आणि फॉर्म ३५ घेऊन आरसीवरील हायपोथिकेशन उतरवावे, आणि महिन्याभराने अहवाल काढून ते खाते बंद दिसते आहे का ते तपासावे.