ढोल-ताशा पथकात नवे वाद्य घेण्यापूर्वी

पुण्यातील ढोल-ताशा पथकात नवे वाद्य घ्यावे का, याचा निर्णय उत्साहाने नव्हे तर कानाने करावा. पथकाचा ठेका ताशा धरतो, ढोल त्याला भरीव आधार देतो आणि झांज व टोल (ठोकून वाजवायची धातूची थाळी) त्याला धार आणतात. म्हणून ज्या वाद्यामुळे ताशाची तर्री, म्हणजे काड्यांनी सलग जलद वाजवलेला नाद, शेवटच्या रांगेतील ढोलवादकापर्यंत पोहोचत नाही, ते कितीही आकर्षक असले तरी बाजूला ठेवावे. शंख सहज सामावतो, कारण तो वादनाच्या आरंभी फुंकला की थांबतो. सनई मात्र ढोलांच्या गजरात बुडते. ती हवीच असेल, तर तेवढा वेळ ढोल पूर्ण थांबवून तिला हलक्या ताशाची साथ द्यावी, आणि माझ्या मते याहून सुंदर प्रयोग नाही. तिच्यासाठी ध्वनिक्षेपक लावू नये.

नवे वाद्य सरावाच्या आरंभापासूनच सोबत असावे, ऐन गणेशोत्सवाच्या तोंडावर ते आणू नये. सरावावेळी मोकळ्या नदीपात्रात स्वच्छ ऐकू येणारा ठेका विसर्जन मिरवणुकीच्या लक्ष्मी रस्त्यावर दोन्ही बाजूंच्या इमारतींमुळे घुमून गढूळ होऊ शकतो, हे ध्यानात ठेवून वादनातील मोकळ्या जागा वाढवाव्यात. नवा वादक ताशाप्रमुखाला सतत दिसेल अशा जागी उभा करावा.