गुडघा बदलल्यावर जिना चढताना
गुडघा बदलून सहा आठवडे झाले, पण खरी धास्ती आमच्या वाड्याच्या चौदा पायऱ्यांची. एवढं पाठ करा: चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा. काठी ऑपरेशनच्या विरुद्ध हातात. माझी बोटं संधिवातानं आखडलेली, मूठ वळत नाही. म्हणून काठीच्या मुठीला जुन्या सुती साडीची पट्टी गुंडाळली, पकड जाड झाली. व्यायाम उठल्या उठल्या नको, सांधे तेव्हा नुसते लाकूड! दुखण्याच्या गोळीनंतर अर्ध्या तासाने करा. गुडघ्याखाली उशी घ्यायचा मोह होतो. घेऊ नका, पाय वाकलेलाच राहतो; टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा. पोटरी सुजून दुखली तर मात्र लगेच डॉक्टर. पहिल्या दिवशी मी तीनच पायऱ्या चढले, मागे सून उभी.