अनेक दिवसांची जंगल सहल आखताना

एका उद्यानात किमान 2 मुक्काम ठेवा. रोज नवं उद्यान गाठायचं म्हटलं की पहाट आणि संध्याकाळ रस्त्यातच जाते, आणि बहुतेक प्राणी नेमके तेव्हाच हिंडतात. लांबचा प्रवास दुपारी उरकावा.

दुर्बीण 8×42 घ्या, म्हणजे 8 पट मोठं दाखवणारी आणि पुढची भिंगं 42 मिमी व्यासाची असलेली. एवढी भिंगं मंद उजेडातही चित्र उजळ दाखवतात. 12 पटीची हातात फार थरथरते. भर उन्हात दूरचे फोटो धूसर आले तर दोष बहुधा कॅमेऱ्याचा नसून तापलेल्या हवेचा असतो. गाडी थांबली की इंजिन बंद करायला सांगा, कंपनाने फोटो हलतात. धुळीत लेन्स बदलू नका.

वाटाड्याला पहिल्याच दिवशी सांगून ठेवा: एकाच प्राण्यामागे धावाधाव नको. पाणवठ्यापाशी अर्धा तास गप्प बसणं कितीतरी चांगलं.