सीताफळावरचा पिठ्या ढेकूण: आधी मुंगळ्यांची वाट अडवा, मग बुरशी फवारा

श्रावणात बागेत शिरलात की फळाआधी खोड बघा. बुंध्यावरून मुंगळ्यांची रांग वर चाललेली दिसली, तर वर पिठ्या ढेकूण बसला असण्याची दाट शक्यता आहे. ढेकूण रस शोषतो आणि गोड चिकटा सोडतो. मुंगळे तो चाटतात आणि ढेकणाला खायला आलेल्या मित्रकीटकांना हुसकावून लावतात. त्याच चिकट्यावर पुढे काजळी धरते आणि चांगलं पोसलेलं फळ बाजारात मातीमोल होतं.

या दिवसांत एक प्रश्न हमखास येतो: मेटारायझियमची (कीटकांना रोग लावणाऱ्या बुरशीची) पावडर वारुळात ओतली तर मुंगळे मरतील का? कृपा करून त्यात पैसे घालू नका. मुंग्या एकमेकींचं अंग चाटून बुरशीचे बीजाणू काढून टाकतात, त्यांच्या अंगातल्या ग्रंथींतून जंतुनाशक द्रव पाझरतो आणि मेलेली मुंगी त्या लगेच वारुळाबाहेर नेऊन टाकतात. थोड्या मरतात, वसाहत तशीच राहते.

रोगाने मुंग्या हटल्याचं उदाहरण आहे, पण ते वेगळं आहे. अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये दक्षिण अमेरिकेतून आलेल्या तांबूस ‘वेड्या मुंग्यां’ना बुरशीच्या जवळच्या गटातला एक सूक्ष्म परजीवी लागला. शास्त्रज्ञांनी 15 ठिकाणच्या वसाहती काही वर्षं तपासल्या. त्यातल्या 62 टक्के पार नाहीशा झाल्या. एका उद्यानात तर रोगट मुंग्यांची खोकी ठेवून, भोवती सॉसेजचे तुकडे टाकून त्यांना निरोगी मुंग्यांत मिसळू दिलं. तो परजीवी त्या जातीपुरता आहे आणि पुडीत विकत मिळत नाही.

आपल्या बागेत बुरशी वापरायची ती ढेकणावर. त्याआधी जमिनीला टेकलेल्या फांद्या छाटा, बुंध्याजवळचं तण काढा, नाहीतर मुंगळ्यांना तोच पूल होतो. मग जमिनीपासून फूटभर उंचीवर खोडाला वीतभर रुंद प्लॅस्टिकची पट्टी घट्ट बांधा आणि तिच्यावर ग्रीस लावा. ग्रीस थेट सालीला लावू नका. पट्टीवर धूळ, पाचोळा चिकटला की मुंगळे त्यावरून चालत जातात, म्हणून आठवड्याला एकदा ग्रीस नव्याने लावा.

मुंगळ्यांची ये-जा थांबली की लेकॅनिसिलियम लेकॅनी ही ढेकणाला मारणारी बुरशी (दुकानात अजून व्हर्टिसिलियमच म्हणतात) 10 लिटर पाण्याला 40 ग्रॅम घेऊन संध्याकाळी फवारा. हवा दमट हवी. पावसाची उघडीप आणि ढगाळ वातावरण असेल तर उत्तम. पुडीवरची मुदत बघा, उन्हात ठेवलेली पुडी घेऊ नका. बोर्डो किंवा दुसरं बुरशीनाशक मारलेला पंप नीट धुवा आणि फवारणीच्या मागेपुढे आठ दिवस बुरशीनाशक टाळा, कारण ते हीच बुरशी मारतं. फळांच्या बेचक्यात आणि देठाशी द्रावण पोचलं पाहिजे.

आठवड्याने काडीने ढेकूण ढोसून बघा. जिवंत असेल तो हलतो. रोगाने मेलेला कोरडा, जागीच चिकटलेला असतो. जिवंत बरेच दिसले तर दुसरी फवारणी करा.

आणि ढेकणासारखीच पांढरी, पण लांब मेणचट झुपके असलेली, भराभर चालणारी अळी दिसली तर चिरडू नका. ती क्रिप्टोलेमस भुंगेऱ्याची अळी असते आणि ढेकूणच खाते.