कुत्र्याला ऊन लागलंय, हे कसं ओळखाल?

कुत्र्याला घाम जवळजवळ येतच नाही. अंगातली उष्णता तो धापा टाकून बाहेर काढतो. म्हणून कोकणातल्या दमट हवेत पारा 34 वर असला तरी धोका असतोच. पग, बुलडॉगसारख्या चपट्या नाकाच्यांना तर जास्तच.

सावलीत बसवूनही धाप थांबत नसेल, लाळ चिकट होऊन तार धरत असेल, हिरड्या लालभडक दिसत असतील, तर लगेच हालचाल करा. उलटी, जुलाब, झोकांड्या म्हणजे प्रकरण गंभीर. गुदद्वारातून मोजलेलं नेहमीचं तापमान 101 ते 102.5 फॅरनहाइट, 104 च्या वर गेलं की वेळ घालवू नका.

आधी थंड करा, मग दवाखान्यात न्या. अंगावर भरपूर पाणी ओता, पोट आणि जांघा नीट भिजवा, पंखा लावा. गच्चीवरच्या टाकीचं पाणी दुपारी कढत असतं, तेव्हा हाताला गार लागतंय ना ते आधी बघा. नाहीतर माठातलं घ्या. ओला टॉवेल गुंडाळून ठेवू नका, तो तापतो आणि उष्णता आतच कोंडतो. पाणी समोर ठेवा, पण जबरदस्तीने पाजू नका, ते फुप्फुसात जातं. पॅरासिटामॉल अजिबात नको. तापमान 103 वर उतरलं की पाणी ओतणं थांबवा. तरतरी आली तरी डॉक्टरांना दाखवाच. मूत्रपिंडाला झालेली इजा एकदोन दिवसांनी दिसू शकते.

फिरवणं सकाळी सातच्या आत. संध्याकाळी डांबरावर पालथा हात सात सेकंद टेकवा. चटका बसला तर थांबा. बंद गाडीत पाच मिनिटंही ठेवू नका.